मदत हवी आहे : आडतीवर बसल्यावर मन जाग्यावर राहत नाही

नमस्कार दादा-ताईंनो. मी लातूरला मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, एका आडतीवर (शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या दुकानावर) मुनीम आहे. सध्या तुरीची आवक जोरात आहे. तोलणार वजन पुकारतो, मी लिहून घेतो, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशोबाची चिठ्ठी, काढतो. 9 वर्षांचा हात बसलाय, पण दोन महिन्यांपासून लक्षच लागत नाही.

परवा 48,600 चे 46,800 लिहिले. ते शेतकरी काका पट्टी घेऊन परत आले अन् काही न बोलता आकड्यावर बोट ठेवून उभे राहिले. नखांत अजून माती होती. पट्टी लगेच दुरुस्त केली, पण त्यांच्या तोंडाकडं बघवलं नाही. वर्षभराच्या तुरीचे पैसे होते ते.

कारण ठाऊक आहे. वडील गावी एकटे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. फोन वाजला की पोटात गोळा येतो, नाही वाजला तरी सारखा उचलून बघतो. ड्रॉवरमध्ये ठेवून पाहिला, जीव अजूनच टांगणीला. 25 मिनिटं काम अन् 5 मिनिटं विश्रांती, ती पोमोडोरो पद्धतही केली, पण वजनकाटा सुरू असताना मधेच उठता येत नाही. विपश्यनेच्या ध्यान शिबिराला 10 दिवस लागतात, हंगामात एवढी सुट्टी मिळणं शक्य नाही.

गर्दीत, माणूस समोर उभा असताना, भरकटलेलं मन तुम्ही परत कसं आणता? आकड्यांचं काम करणाऱ्यांनी जरूर सांगा. वडिलांपुरती वेगळी रिंगटोन ठेवून बाकी सगळं बंद करावं म्हणतो. कुणी करून बघितलंय का?