तुरेवाल्या बदकांची पिल्लं अंड्यातच मरायलीत, मशीन बदलू का जोडी?

गोदाकाठ_गंगाखेड
नमस्कार मंडळी, शेततळं आहे घरचं, कोंबड्या आधीपासून होत्या, आता डोक्यावर गोंडा असलेली पांढरी बदकं घेतलीत, एक नर आन तीन माद्या, सगळे तुरेवालेच. अंडी भरपूर देयलेत आन टॉर्च लावून बघितलं तर नसा पण दिसतात, पण शेवटाला चार अंड्यामागं एक तरी आत मेलेलं निघतंय. फोडून बघितली तर काहींची कवटीच बंद झालेली नव्हती, मेंदू उघडा, बघवत नाही हो ते. अंडी उबवायचं मशीन विकणारा म्हणतो टेंपरेचरचा प्रॉब्लेम, पण त्याच मशीनमधी कोंबडीची पिल्लं चांगली निघायलीत. वरून जी बदकं निघाली त्यातलं एक मान मागं टाकतंय आन चालता चालता पडतंय. विकणारा म्हणला होता की दोन्ही बाजूनं तुरा ठेवा म्हणजे लाईन शुद्ध राहती आन तुरा मोठा येतो. पुढची खेप लावायच्या आधी कुणी नीट सांगा, लै जीव तुटतोय.

बदकमित्र_परभणी
भाऊ मशीनला हात लावू नका, कवटी उघडी निघाली म्हणता म्हणजे हे जोडीचंच आहे. तुऱ्याचा एक जनुक असतो, तो आई किंवा बाप एकाकडूनच आला तर पिल्लाला तुरा येतो आन ते जगतं, दोघांकडून आला तर ते पिल्लू अंड्यातच मरतं, त्याला कुठलंच औषध नाही. म्हणजे तुमच्याकडं जेवढी तुरेवाली जिवंत आहेत त्या प्रत्येकात तुऱ्याचा एकच जनुक आहे आन दुसरा साधा. त्यामुळं "शुद्ध लाईन" ही गोष्टच या जातीत होऊ शकत नाही, विकणारा काय पण म्हणो.

आता हिशोब बघा. तुरा आन तुरा लावला तर फळलेल्या १०० अंड्यात साधारण २५ मरणार, ५० तुरेवाली, २५ साध्या डोक्याची. तुरेवाला नर आन साधी मादी लावली तर ५० तुरेवाली आन ५० साधी, या कारणानं मरणारं एकही नाही. तुरेवाली पिल्लं दोन्हीकडं तेवढीच यायलेत! मग ती २५ कशापायी मारायची?

आन ही जात काय कालची नाही, अमेरिकेच्या स्टँडर्डमधी (तिथल्या मान्य जातींच्या यादीत) पांढरी तुरेवाली १८७४ ला घेतलेली आहे, एवढ्या वर्षात कुणालाच हे काढता आलं नाही कारण तुरा आन दोष एकाच जनुकातून येतात. पोलिश, सिल्की या कोंबड्यांना पण तुरा असतो पण तिथं दोन तुरेवाले लावले तरी पिल्लं अशी मरत नाहीत, म्हणून कोंबडीवाल्यांचा सल्ला इथं धरू नका.

मोसंबीवाला_जालना
वरचं बरोबर आहे पण मशीन अगदीच सोडू नका. आपल्याकडं एप्रिल-मे मधी हवा इतकी कोरडी असते की बदकाचं पिल्लू पूर्ण वाढून शेवटाला कवचाला चिकटून मरतं, बदकाला २८ दिवस लागतात आन शेवटचे तीन दिवस ओलावा चांगला लागतो, ६५-७० टक्क्यांच्या वर. त्यात लाईट गेली की संपलंच. ओळखायचं कसं तर मेलेलं पिल्लू बघा, डोकं नीट, अंगावर पिसं आलेली आन आतलं पापुद्र चिकट वाळलेलं तर ओलावा कमी पडला, कवटी उघडी तर जोडीचं. आन एक, घाईत मस्कोव्ही (वेगळ्याच प्रजातीचं बदक) मादी आणून लावू नका, तिची पिल्लं वांझ निघतात. व्हाईट पेकिन नाहीतर खाकी कॅम्पबेल या साध्या डोक्याच्या जातींची मादी घ्या.

रानपाखरू
पण साध्या डोक्याची पिल्लं घेतंय कोण? गिऱ्हाईक तुरा बघूनच पैसे देतं. निम्मी साधी निघाली तर खाद्याचा खर्च कुठून काढायचा?

बदकमित्र_परभणी
@रानपाखरू दादा मेलेल्या २५ चे पैसे कोण देतं? साध्या माद्या अंड्यासाठी ठेवा, आन त्याच पुढं तुरेवाल्या नराखाली लावायच्या, बाहेरून पक्षी आणायची गरजच पडत नाही. साध्या बहिणीत तुऱ्याचा जनुक नसतो. फक्त डोकं बोटानं चाचपून बघा, कधी कधी दोन-चार पिसांचा बारका तुरा असतो आन लक्षात येत नाही, तशी असली तर ती तुरेवालीच धरा. नर तुरेवाला आन मादी साधी ठेवायचा अजून एक फायदा, जोडी लागताना नर मादीच्या डोक्याची पिसं धरतो, तुरेवालीचा तुरा उपटून जखमा होतात, ते टळतं.

उदगीरची_ताई
मी व्हेटर्नरीची विद्यार्थिनी आहे, त्या पडणाऱ्या पिल्लाबद्दल लिहिते. जिवंत तुरेवाल्या बदकांच्या पण कवटीला तुऱ्याखाली भोक असू शकतं आणि मेंदूच्या आजूबाजूला चरबीचा गोळा असतो. गोळा लहान असला तर पक्षी आयुष्यभर ठणठणीत, मोठा असला की मेंदू दाबला जातो, मग तोल जाणं, झटके, मान वाकडी असं सुरू होतं. नुसता तुरा बघून आत गोळा केवढा आहे ते कळत नाही. जर्मनीत डसेलडॉर्फ विद्यापीठात यावर काम झालंय, तिथं एक सोपी चाचणी वापरली, बदकाला पाठीवर उताणं ठेवायचं आणि ते स्वतः उलटून उभं राहतं का ते बघायचं. ज्याला जमत नाही ते पैदाशीला घ्यायचं नाही. हे आपण पण शेतात करू शकतो, मऊ गवतावर, आणि पक्षी धडपडायला लागला की लगेच उचलायचं, त्रास द्यायचा नाही.

पण दादा आधी एक सांगा, पिल्लांना कोंबडीच्याच पिल्लांचं खाद्य (चिक स्टार्टर) देताय का? बदकाच्या पिल्लाला नायसिन (एक बी व्हिटॅमिन) कोंबडीपेक्षा जास्त लागतं, कमी पडलं की पाय वाकतात आणि पिल्लू बसूनच राहतं. आधी पाण्यातून बी कॉम्प्लेक्स सुरू करा, जवळच्या डॉक्टरला विचारून, नाहीतर परभणीच्या व्हेटर्नरी कॉलेजला दाखवा. थोड्या दिवसात सुधारलं तर खाद्याचं होतं, नाही सुधारलं आणि मान मागंच जायला लागली तर डोक्यातलं धरा.

गोदाकाठ_गंगाखेड
ताई, व्हय चिक स्टार्टरच चालू आहे, आजच बी कॉम्प्लेक्स आणतो. मशीनमधली अंडी काढून ठेवलीत, तीन माद्या अंड्यासाठीच राहतील आन चार पेकिन माद्या बघायलोय. एक शंका, नर तोच ठेवला तर तुरा बारका होत जाईल का, गिऱ्हाईक मोठा गोंडा मागतंय.

बदकमित्र_परभणी
तुऱ्याचा आकार तसा पण सारखा येत नाही, एकाच बापाची पिल्लं असली तरी कुणाचा गोंडा मोठा कुणाची नुसती शेंडी. मोठ्या गोंड्याच्या मागं लागू नका, नर निवडताना आधी उताणं ठेवून बघा, चाल बघा, पोहताना एका अंगाला कलतो का बघा, तुरा सगळ्यात शेवटी. आन विकताना घेणाऱ्याला स्पष्ट सांगत जा की दोन तुरेवाले एकमेकाला लावू नका, सोबत एक साधी मादीच देत जा जोडीला.

उदगीरची_ताई
+१, आणि पकडताना डोक्याला, मानेला धरू नका, लहान मुलांना पण सांगा. कवटीला भोक असेल तर तुऱ्यावर बसलेला मार थेट मेंदूपर्यंत जातो.