जपानी नावं वाचता येत नाहीत म्हणून सरळ नंबर टाकायचे?

ऐरोलीकर: काल इथे कोणीतरी ज्ञान दिलं: "जपानी क्लायंटचा सर्व्हर हलवताना फाइलनावांचा कचरा झाला तर डोकं लावू नका, स्क्रिप्टने सगळ्यांना इंग्रजी नंबर द्या." वर ढीगभर लाइक!

अहो, बहुतेक वेळा नावाला काही झालेलंच नसतं. लिनक्सला फाइलनाव म्हणजे नुसते बाइट्स. जुन्या मशीनवर ते सीपी९३२ मध्ये (विंडोजचं जपानी एन्कोडिंग, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठले बाइट याचा तक्ता) लिहिले, नवं मशीन यूटीएफ-८ (आजचा सर्व भाषांचा तक्ता) समजून वाचतंय. कॉन्व्हएमव्ही हे फाइलनावांचं एन्कोडिंग बदलणारं टूल चालवा. 'नोटेस्ट' हा पर्याय दिल्याशिवाय ते एकाही नावाला हात लावत नाही, आधी नुसतं दाखवतं. आणि त्याला 'शिफ्ट-जिस' (सीपी९३२ चं मूळ रूप) सांगू नका, 'सीपी९३२' सांगा. विंडोजवाल्यांच्या नावांत गोलातला १ हमखास असतो, तो मूळ शिफ्ट-जिसमध्ये नाहीच.

नंबर टाकलेत की एक्सेलमधल्या सगळ्या लिंका मेल्या. दुसऱ्याच्या ड्रॉइंगचं बारसं करायला तुम्हाला कोणी बोलावलं होतं?

रबाळे_रात्रपाळी: तो सल्ला माझाच. जपानमध्ये सकाळी नऊला ऑफिस उघडतं तेव्हा इथे साडेपाच. त्या वेळी तुमचं बाइटपुराण ऐकायला कोण बसलंय? आमच्या सर्व्हरवर काही नावं सीपी९३२, काही ईयूसी (युनिक्सवरचं जुनं जपानी एन्कोडिंग), काही आधीच्या व्हेंडरने दोनदा फिरवलेली. शिवाय दोन बाइटचं कांजी (जपानी चित्राक्षर) यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं होतं. एक्स्ट४ वर (लिनक्सची फाइलसिस्टम) नावाला जास्तीत जास्त २५५ बाइट, म्हणजे ८५ कांजी. क्लायंटचे सेल्सवाले तर नावातच अख्खी मेल लिहितात, ती मावणार कशी? आणि जिथे नुसती प्रश्नचिन्हं उरलीत तिथे कॉन्व्हएमव्ही काय करणार, कपाळ?

पाचपाखाडी_मॅकवाला: मॅक विसरलात. जुन्या एचएफएस प्लसवर (मॅकची फाइलसिस्टम) 'गा' हे जपानी अक्षर 'का' आणि वरचे दोन ठिपके असं तुटतं. दिसायला तेच, शोधायला गेलात की सापडत नाही. फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकला 'आयकॉन्व्ह' हा पर्याय द्या, तो नावं बदलून देतो. मराठीतही हेच: 'पायऱ्या' मधला ऱ तिथे र आणि नुक्ता होतो.

कोपरी_वाचनालय: मराठीचा विषय निघालाच आहे म्हणून. आमची पुस्तकयादी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. नव्या कॉम्प्युटरवर सगळी रोमन अक्षरांची खिचडी. कन्व्हर्टर लावला तर रफार भलत्याच अक्षरावर आणि पहिली वेलांटी पुढच्या शब्दाला. जपान्यांसाठी रात्री जागता, मराठीसाठी कोण जागणार?

ऐरोलीकर: काका, तो एन्कोडिंगचा प्रश्नच नाही. रोमन कोडवर मराठी चित्रं बसवली होती. वेगळा धागा काढा.

कोपरी_वाचनालय: मराठी धाग्यावर मराठीला बाहेर काढा, उत्तम! आणि मी काकू आहे.

पाचपाखाडी_मॅकवाला: काकू बरोबर बोलताहेत. आमच्या सोसायटीचे जुने ठरावही तसेच पडलेत. मूळ फॉन्ट टाकून प्रिंट काढायची आणि पुन्हा टाइप करायचं, दुसरा मार्ग मला तरी मिळाला नाही.

कोपरी_वाचनालय: टाइप करणारा द्या, मग बोला.

ऐरोलीकर: काकू, माफ करा. रात्रपाळी, ती प्रश्नचिन्हं तुम्ही टर्मिनलवर पाहिलीत ना? फाइलींची यादी दाखवणारी एलएस कमांड जुन्या आवृत्तीत अनोळखी बाइटच्या जागी प्रश्नचिन्हच दाखवते. तिला 'मायनस बी' लावून बघा, खरे बाइट दिसतील.

रबाळे_रात्रपाळी: बघितलं. बऱ्याच ठिकाणी बाइट शाबूत आहेत, घ्या, करा सत्कार. पण एका फोल्डरमध्ये खरंच प्रश्नचिन्हं साठवलीत, बॅकअपमध्येसुद्धा. त्यांना नंबरच मिळणार, जुन्या-नव्या नावांच्या शीटसकट. आणि त्या लिंका दुरुस्त करायला पहाटे तुम्ही या.