कराटे क्लब लावायचा आहे, पहिल्या दोन-तीन महिन्यांत नेमकं काय होतं?

दारव्हा_पालक
गावात जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणावर कराटे सुरू होतंय. आठवड्यातून ३ दिवस, संध्याकाळी सव्वा तास. मुलगी ९ वर्षांची, मुलगा १३. ड्रेस आधीच घ्यावा का? अनवाणी शिकवतात म्हणे, आणि पटांगणात तर सराटे आहेत. पहिल्याच दिवशी मारामारी लावतात का? वर्षभरात ब्लॅक बेल्ट मिळतो असंही कोणी सांगत होतं.

पांढरा_पट्टा
ताई, ड्रेसची घाई नको. पहिले २-३ आठवडे ट्रॅकपँट आणि टीशर्ट चालतो. पोरं टिकतात असं दिसलं की घ्या. माप उंचीवर असतं आणि सुती ड्रेस पहिल्या धुण्यात आटतो, म्हणून उंची १३० सेंमी असेल तर १४० चा घ्यायचा. घालताना डावी बाजू वर.

मारामारी नाहीच. आधी वाकून 'रेई', मग १५-२० मिनिटं अंग मोकळं करणं, मग मूठ आणि उभं राहणं. मोजणी जपानीत असते: इचि, नी, सान, शि, गो. पोरं आठवड्यात पाठ करतात.

मूठ मात्र घरी तपासा. चारही बोटं टोकापासून घट्ट गुंडाळायची आणि अंगठा बाहेरून, तर्जनी व मधल्या बोटावर आडवा दाबायचा. लहान मुलं हमखास अंगठा मुठीत कोंबतात. तसा ठोसा पॅडवर बसला की अंगठ्याचा सांधा गेला. ठोसा लागतो तो पहिल्या दोन बोटांच्या गाठींवर, आणि मनगट खाली झुकता कामा नये.

उभं राहण्यात सगळ्यात जास्त चूक पुढच्या गुडघ्याची होते. तो पायाच्या बोटांच्या रेषेत हवा. आत पडला की महिनाभरात आतल्या बाजूनं दुखायला लागतो आणि लोक म्हणतात, कराट्यानं गुडघे गेले. समोरच्या लाथेत बोटं वर ओढून चवड्यानं मारायचं. बोटं सरळ राहिली तर तीच मुरगळतात.

गोखरू
बाकीचं मंग पाहा, पयले मैदान पाहा. सराटे खराट्यानं निघत नाहीत, मातीत रुतून बसतात. जुनं गोणपाट ओलं करून, वर दगड ठेवून, सगळ्या जागेवरून दोन-तीनदा ओढा. काटे त्याले चिकटून येतात. दर आठवड्याले करा लागते.

काळ्या मातीले उन्हाळ्यात भेगा पडतात, पाय गेला की घोटा मुरगळला. त्यापेक्षा समाजमंदिराची शहाबादी फरशी बरी. पण तिच्यावर धूळ अन् घाम मिसळला की पाय सटकते, म्हणून वर्गाआधी ओलं फडकं मारा. उड्यांचा सराव फरशीवर जास्त नको, टाचा धरतात. एप्रिल-मे मध्ये वर्ग सकाळी ६ ले ठेवाले सांगा. पोराले घरून पाण्याची बाटली द्या. अन् वर्ग सुटल्यावर चपला-बूट झटकूनच घालाले लावा, अंधारात विंचू बसलेला दिसत नाही.

क्यू_ते_दान
वर्षभरात ब्लॅक बेल्ट सांगणाऱ्यापासून दूर राहा. पांढऱ्या पट्ट्यापासून साधारण ९ किंवा १० क्यू पायऱ्या असतात, मग पहिला दान, म्हणजे ब्लॅक बेल्ट. सुरुवातीच्या परीक्षांमध्ये ३-४ महिन्यांचं अंतर असतं, वरच्या पायऱ्यांना जास्त. नियमित येणाऱ्याला ४-५ वर्षं धरा. शोतोकान या शैलीत सुरुवातीच्याच काताला (ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायच्या हालचालींना), हेइआन शोदानला, २१ हालचाली आहेत. क्रम १५ दिवसांत पाठ होतो, पण वळताना तोल न जाणं ही महिन्यांची गोष्ट.

नाव घालण्याआधी तीन गोष्टी विचारा: परीक्षेची फी किती, पट्टा आणि प्रमाणपत्र त्यातच का, आणि नापास कोणी होतं का. तिसऱ्या प्रश्नावर सर हसले तर समजून घ्या.

'राष्ट्रीय' पदकांच्या फ्लेक्सला भुलू नका. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी कुठलीही खासगी स्पर्धा चालत नाही. जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धांमध्ये १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात, तिथं क्लबची मुलं उतरतात का ते पाहा. ऑलिंपिकचं म्हणाल तर कराटे फक्त टोकियोत होतं, २०२४ च्या पॅरिसमध्ये नव्हतं.

दारव्हा_पालक
आभारी आहे. जोडीचा सराव कधी सुरू होतो? मुलीच्या दातांची काळजी वाटते.

पांढरा_पट्टा
दोन-तीन महिन्यांनी, तोही ठरवून: कोण मारणार, कुठं मारणार हे आधी सांगून. मोकळी लढत त्यानंतर बरीच उशिरा. तेव्हा गरम पाण्यात बुडवून चावून बसवायचा माउथगार्ड लागेल. ९ व्या वर्षी दुधाचे दात पडतच असतात, त्यामुळे तो काही महिन्यांत सैल होतो. दात हलत असेल तर सरांना आधीच सांगा. नखं कापलेली, बांगड्या-कानातलं घरी, केसांना टोकदार क्लिपऐवजी रबर. मुलाच्या हातात कडं असेल तर तेही काढा, समोरच्याची बोटं त्यात अडकतात.