मदत हवी आहे: व्यसनमुक्तीचं नाटक उलटलं, शनिवारी परत प्रयोग आहे

रानपाखरू
खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटून करतात तो) आणि दारू यांवर शाळेत नाटक बसवलं आणि दारुड्याचं काम करणारा पोरगाच शाळेचा हिरो झाला. झोकांड्या खात आला की हशा, शिट्ट्या. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चार पोरं प्लास्टिकच्या पन्नीत शेंगदाण्याचा कूट भरून तळहातावर घोटत बसलेली, थेट खर्रा घोटतात तशी. पोटात गोळा आला. काय बदलू? लवकर सांगा.

नलूताई
कितवीची मुलं? गाव कुठलं? प्रेक्षक कोण? काहीच लिहिलेलं नाही.

सदाशिवराव
तोंडाच्या कर्करोगाचे फोटो मोठे करून मागे लावा. आमच्या सोसायटीत लोक हादरले होते.

झाडीचा_नट
काका, तंबाखूच्या पुड्यावर ८५ टक्के जागा त्याच चित्राची असते, तरी विकला जातोच. खर्र्याच्या पन्नीवर तर चित्रही नसतं. बाराव्या वर्षी चाळिशीतला कर्करोग दिसत नाही. खर्र्यातल्या सुपारीनं तोंड आखडतं ते दाखवा. आधी तिखट झोंबतं, मग उभी तीन बोटं तोंडात जात नाहीत. मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेत, पोरगा पाणीपुरी खायला उभा आहे आणि पुरी आत जात नाही, एवढा एकच प्रवेश करा. आणि मध्ये दंडारीतलं, आमच्या झाडीपट्टीच्या लोकनाट्यातलं, एखादं गाणं टाकाच, आमच्याकडे त्याशिवाय लोक बसत नाहीत.

सदाशिवराव
भीती हवीच. धाक गेला म्हणून ही वेळ आली.

सूरसंगम
पटांगणात प्रयोग असेल तर दोन माइक टांगा, हातात देऊ नका.

विदर्भपुत्र
नाटकानं काय होतं? चंद्रपूरला २०१५ मध्ये दारूबंदी आली, २०२१ मध्ये उठली. आधी त्यावर बोला.

नलूताई
त्यासाठी वेगळा धागा काढा.
रानपाखरू, दारुडा काढूनच टाका. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल करायचे तसं करा. मित्र म्हणतो, "घे ना, पैसे मी देतो." तिथेच नाटक थांबवा. प्रेक्षकांतल्या मुलाला उठवून त्या जागी उभं करा, काय म्हणशील विचारा. पाच-सहा जणांना करू द्या. नकार तोंडानं देऊन बघावा लागतो, ऐकून येत नाही.

रानपाखरू
सातवी-आठवी, भंडारा जिल्हा. वीस मिनिटं, पालकही असतात. पानठेला फाटकासमोरच आहे.

वकीलकाका
शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही, २००३ चा कायदा आहे. मुलाला दिली तर बाल न्याय कायद्याचं कलम ७७, सात वर्षांपर्यंत शिक्षा. लेखी तक्रार करा.

रानपाखरू
तक्रार करते. पण एक राहिलं. दारुड्याचं काम करणाऱ्याचे वडील रोज पितात, हे मला काल कळलं. तो घरचंच करून दाखवत होता.

नलूताई
मग त्याला ते काम नकोच. पण न विचारता काढूही नका, शिक्षा वाटेल त्याला.

रानपाखरू
आज विचारलं. म्हणाला, "मॅडम, मी पाणीपुरीवाला बनतो."
पन्नी मंचावर दाखवू की नको, तेवढं सांगा.

झाडीचा_नट
नको. हात रिकामेच ठेवा.