मदत हवी आहे: संदर्भ वाचून पुस्तक, लेख की प्रबंध हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

लघुप्रबंधासाठी वाचन चालू आहे. एका लेखाच्या शेवटी साठेक संदर्भ आहेत, सगळे एपीए पद्धतीचे (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भ लिहिण्याची पद्धत). त्यातला एक पुस्तक समजून मी ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये दोन दिवस शोधत बसले. सापडेना. शेवटी कळलं की ते पुस्तक नव्हतंच, कुणीतरी संपादित केलेल्या ग्रंथातलं एक प्रकरण होतं!

आता प्रत्येक नोंदीकडे संशयाने बघते. माझा अंदाज असा: शेवटी प्रकाशक असेल तर पुस्तक, खंड-अंकाचे आकडे असतील तर जर्नलमधला लेख. डीओआय (ऑनलाइन मजकुराचा कायमचा ओळख क्रमांक) दिसला की तर डोळे झाकून 'जर्नल' म्हणते. बरोबर आहे का? आणि चौकटी कंसातल्या मजकुराचं काय करायचं?

प्रतिसाद:
डीओआयवर भिस्त ठेवू नका. '10.' ने सुरू होणारा तो क्रमांक पुस्तकाला, प्रकरणाला, अगदी डेटासेटलाही मिळतो.

एपीएत आधी तिरपी अक्षरं शोधा. पुस्तकाच्या नोंदीत पुस्तकाचं नाव तिरपं असतं. लेखाचं नाव मात्र सरळ. तिरपं असतं जर्नलचं नाव आणि खंड. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएवरचा 1953 चा लेख घ्या: 'नेचर, 171(4356), 737–738', म्हणजे जर्नल, खंड, कंसात अंक आणि मग पानं. प्रकाशक कुठेच नाही. कॅटलॉगमध्येही 'नेचर' शोधायचं, लेखाचं नाव नाही.

तुम्ही फसलात कारण प्रकरणाच्या नोंदीतही शेवटी प्रकाशक येतो. तिथे मध्ये 'इन' हा शब्द बघा. त्यापुढे संपादकांची नावं उलटी लिहितात, आद्याक्षरं आधी आणि आडनाव नंतर. मग 'एड्स.' (म्हणजे संपादक), ग्रंथाचं तिरपं नाव आणि कंसात 'पीपी.' लावून पानं. जर्नलच्या नोंदीत 'पीपी.' नसतं, नुसते आकडे.

चौकटी कंस म्हणजे आयती चिठ्ठीच. 'डॉक्टोरल डिसर्टेशन' आणि विद्यापीठाचं नाव असेल तर पीएचडीचा प्रबंध.

प्रतिसाद:
वरचं एपीएपुरतं ठीक. वैद्यकातल्या व्हँकूवर पद्धतीत तिरप्या अक्षरांचा भरवसा नाही. तिथे '1953;171(4356):737-8' अशी अर्धविराम-अपूर्णविरामाची साखळी दिसली की जर्नल.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. ती नोंद पुन्हा उघडली. 'इन' तिथेच होता, ओळीच्या अगदी शेवटी. आता संपादकाच्या नावाने शोधलं तर ग्रंथ पहिल्याच फटक्यात मिळाला.