उत्तर कोरियातून पळून आलेल्यांना चीन परत कसा पाठवू शकतो?

प्रश्न : निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार चीनने १९८२ मध्ये स्वीकारला. तरीही तुमेन आणि यालू या नद्या ओलांडून आलेल्या उत्तर कोरियाच्या लोकांना ‘बेकायदा आर्थिक स्थलांतरित’ ठरवून परत धाडले जाते. भुकेपोटी देश सोडणाऱ्याला कायद्याचे संरक्षण खरोखरच नाही का? जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर : संरक्षण आहे. माणूस का निघाला एवढेच पाहून भागत नाही. परत गेल्यावर त्याचे काय होईल, हेही पाहावे लागते. उत्तर कोरियात परवानगीविना देश सोडणे हाच गुन्हा असल्यामुळे, केवळ धान्यासाठी नदी ओलांडणारी व्यक्तीसुद्धा सीमेपलीकडे पाऊल टाकताच परतल्यावर छळ होण्याच्या धोक्यात येते. मायकल कर्बी यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१४ मध्ये परत पाठवलेल्यांचा छळ, मनमानी कैद आणि गरोदर स्त्रियांचे सक्तीचे गर्भपात यांची नोंद केली. शिवाय चीनने १९८८ मध्ये मान्य केलेल्या छळविरोधी कराराचे तिसरे कलम, जिथे छळाचा धोका आहे तिथे कोणालाही पाठवण्यास मनाई करते. त्यासाठी निर्वासित म्हणून मान्यता मिळालेली असण्याचीही अट नाही.

दुसरे उत्तर : वरील विवेचन मला मान्य आहे, परंतु व्यवहारात चीन, बेकायदा सीमा ओलांडणाऱ्यांना परत पाठवण्याविषयी उत्तर कोरियाशी केलेल्या १९८६ च्या द्विपक्षीय सीमाकराराकडे बोट दाखवतो. माझ्या मते हा बचाव टिकत नाही, कारण शेजाऱ्याशी केलेल्या करारामुळे आधी स्वीकारलेली आंतरराष्ट्रीय जबाबदारी संपत नाही. खरी अडचण अशी की संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचे कार्यालय बीजिंगमध्ये असूनही त्याला सीमाभागात जाऊ दिले जात नाही, आणि ज्याची बाजू कोणी ऐकूनच घेतली नाही त्याचा धोका सिद्ध तरी कसा होणार?

तिसरे उत्तर : पळून येणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत आणि त्यांपैकी अनेकींना लग्नासाठी विकले जाते, हे विसरू नये. पकडले जाण्याच्या भीतीने त्या तक्रारही करू शकत नाहीत. दक्षिण कोरिया या लोकांना आपले नागरिक मानतो, त्यामुळे त्यांना कुठे ठेवायचे हा प्रश्नच उरत नाही. मार्च २००२ मध्ये बीजिंगमधील स्पेनच्या दूतावासात शिरलेल्या २५ जणांना चीनने फिलिपिन्समार्गे सोलला जाऊ दिले होते. हाच मार्ग सीमेवर पकडलेल्यांसाठीही खुला करावा, अशी मागणी प्रत्येक सरकारने चीनकडे उघडपणे केली पाहिजे.