एकच लेव्हल पट्टी (बुडबुड्याच्या नळ्यांनी आडवी-उभी रेषा तपासायची पट्टी) घ्यायची तर कोणती, आणि ती खरी आहे हे कसं तपासायचं?

नवशिक्या_सुतार: भिंतीवरची कपाटं आणि एक दाराची चौकट बसवायची आहे. ९ इंची, २ फुटी की ४ फुटी घेऊ? नवीन पट्टी बरोबरच असते ना?

ओळंबा: नवीन म्हणून बरोबर, असं काही नसतं. २ फुटी घ्या, चौकोनी पोकळ ॲल्युमिनियमची, खालची कड मिलिंग केलेली, म्हणजे यंत्राने कापून सपाट केलेली. कडेवर रंगाचा थर असेल तर तो कमीजास्त असतो आणि तिथेच फसगत होते. अचूकता ०.५ मिमी/मीटर बघा, म्हणजे मीटरभर लांबीत चूक फार तर अर्धा मिमी. १ मिमीवाली ३ मीटरच्या ओळीत ३ मिमी खाते.

पैसे देण्याआधी काउंटरवरच तपासा. पट्टी ठेवा, दोन्ही टोकांच्या जागा पेन्सिलीने आखा. एका टोकाखाली कागद सारत बुडबुडा मधोमध आणा. आता कागद न हलवता पट्टीची टोकं अदलाबदल करून त्याच खुणांवर ठेवा. बुडबुडा सरकला तर तो पुन्हा मध्ये येईपर्यंत खाली गेलेल्या टोकाखाली कागद वाढवा. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. उलटवल्यावर आणखी ६ कागद लागले तर ०.६ मिमी, पण उलटवल्यावर चूक दुप्पट दिसते, म्हणून खरी चूक ०.३. ६०० मिमीला ०.३ म्हणजे मीटरला ०.५, जेमतेम पास. त्याहून जास्त लागले तर दुसरी मागा.

गवंडीकाम: चौकटीसाठी उभेपणा दाखवणारी बुडबुड्याची नळीही तपासा, ती बहुतेक जण विसरतात. पट्टी भिंतीला उभी धरा, बुडबुडा मध्ये आणा, कडेने रेघ ओढा. मग पुस्तकाचं पान उलटतो तशी पट्टी उलटा: तीच कड रेघेवर, वरचं टोक वरच. बुडबुडा मध्येच राहायला हवा.

नवशिक्या_सुतार: बुडबुडा दोन रेघांपेक्षा लहान दिसतोय. पट्टी खराब?

ओळंबा: नाही. उन्हात द्रव फुगतो, बुडबुडा आक्रसतो. दोन्ही बाजूंचं अंतर सारखं आहे का एवढंच बघा, आणि डोळा नळीच्या अगदी समोर ठेवा.

गवंडीकाम: कपाटांची ओळ लांब असेल तर पट्टी सरकवत नेऊ नका, प्रत्येक वेळी चूक साठत जाते. दोन टोकांच्या खुणा लेव्हल पाईपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) घ्या. पाईपात हवेचा फुगा नको, आणि खूण करताना दोन्ही तोंडं उघडी. चुंबकवाली पट्टी घेतलीत तर ग्राइंडरजवळ ठेवू नका. कडेला लोखंडाचा चुरा चिकटतो. वापरण्याआधी कडेवरून एकदा बोट फिरवा.